ढोल, झेंडा आणि मागणीपत्र

9 ऑगस्टला नवापूर तालुक्यातला रस्ता माणसांचा असतो. भाताची लावणी उरकत आलेली असते, तुरी वीतभर वर आलेल्या असतात आणि चिंचपाडा, खांडबारा, विसरवाडीकडची माणसं सकाळपासून बाहेर पडलेली असतात. पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर डीजे, त्यामागे ढोल, मुलींच्या अंगावर ठेवणीतली लुगडी, पोरांच्या हातात तिरकमान. ‘एक तीर, एक कमान, आदिवासी एक समान’ ही घोषणा मागून पुढे सरकत येते आणि ढोलाच्या ठेक्यात मिसळून जाते. चार पावलं नाच, चार पावलं चाल, मग पुन्हा नाच. सरकारी कचेरी आली की ढोल थांबतो. निवेदन वाचलं जातं. वनहक्काचे दावे, खोट्या जात प्रमाणपत्रांवर नोकऱ्या बळकावणारे, आश्रमशाळांची दुर्दशा असं सगळं त्यात असतं. साहेब कागद हातात घेतात, फोटो निघतो आणि ढोल पुन्हा सुरू होतो.

संयुक्त राष्ट्रांनी 1994 साली हा दिवस जगभरच्या आदिवासींसाठी जाहीर केला. 9 ऑगस्ट 1982 रोजी आदिवासींच्या प्रश्नांवरच्या कार्यगटाची पहिली बैठक झाली होती, म्हणून ही तारीख. नंदुरबार जिल्ह्यात तो आता सणासारखा साजरा होतो. तरीही ‘हा सण की आंदोलन?’ असं इथं कुणी कुणाला विचारत नाही.

एलजीबीटीक्यू समुदायाच्या प्राइड मोर्च्यांना मात्र हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. बाहेरची माणसं विचारतात, आतली माणसं एकमेकांना विचारतात. एवढे रंग, एवढा नाच, मग मागणी कसली? किंवा उलट, साजरं करायला आलो आहोत, त्यात राजकारण कशाला? यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘रस्ता’ हा विषय दिला, तेव्हा मुंबई-पुण्याच्या मोर्च्यांवर लिहायचं हे मनात होतंच. पण लिहायला बसले ती चिंचपाड्याला. ज्या मुलखातून माणसं पोटासाठी सुरतेला, बारडोलीला जातात, त्या मुलखाच्या बाजूनं हा मोर्चा पाहायचा होता.

गवालिया टँक आणि माणिक चौक

मुंबईतला ‘क्विअर आझादी मार्च’ 16 ऑगस्ट 2008 रोजी निघाला. त्याआधी 2 जुलै 1999 ला कोलकात्यात जेमतेम पंधरा जण ‘फ्रेंडशिप वॉक’ म्हणून चालले होते. 2008 च्या जूनअखेरीस दिल्ली आणि बंगळुरूतही मोर्चे निघाले. मुंबईकरांनी मात्र स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवसाची तारीख निवडली आणि निघण्याची जागा निवडली ऑगस्ट क्रांती मैदान. ‘चले जाव’चा ठराव 8 ऑगस्ट 1942 ला झाला ते गवालिया टँकचं हेच मैदान. पहिल्याच मोर्च्यात ब्रिटिश सरकारनं माफी मागावी अशी मागणी होती. भारतीय दंड संहितेचं कलम 377 हे 1860 च्या वसाहती कायद्याचं देणं होतं आणि इंग्रज गेले तरी ते कलम राहिलं होतं.

नंदुरबारच्या माणसाला हे मैदान परकं वाटायचं कारण नाही. गवालिया टँकवरून पेटलेली आग महिनाभरात इथं पोचली होती. 9 सप्टेंबर 1942 ला नंदुरबार शहरात विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली. तिच्यावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती, लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम, तिथं पडले. शिरीषकुमार तेव्हा सोळा वर्षांचाही नव्हता. माणिक चौकातलं स्मारक जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळकरी पोराला ठाऊक आहे. हातात झेंडा घेऊन रस्त्यावरून चालणं एवढाच तो गुन्हा होता.

झेंडा घेऊन चालण्यासारखंच नुसतं नाचणंही एकेकाळी गुन्हा होतं. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्याकडे ठाऊक आहे तो पारधी, कैकाडी अशा जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवणारा कायदा म्हणून. त्या कायद्याचा दुसरा भाग फारसा कुणी वाचत नाही. तो हिजड्यांबद्दल होता. पोलिसांच्या नोंदवहीत नाव चढलेल्या व्यक्तीनं बायकांचे कपडे किंवा दागिने घालून रस्त्यावर वावरलं, किंवा चार लोकांसमोर नाचगाणं केलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हिजड्यांबद्दलचा भाग 1911 मध्ये कायद्यातून गेला. जमातींवरचा शिक्का पुसायला 1952 चा 31 ऑगस्ट उजाडला. म्हणजे भटक्या-विमुक्तांच्या आणि तृतीयपंथीयांच्या पूर्वजांना सरकारनं एकाच पुस्तकात बांधलं होतं.

हे लक्षात आल्यावर प्राइडमधल्या नाचाकडे बघण्याची माझी तरी नजर बदलली. लिपस्टिक लावून, साडी नेसून भर चौकात नाचणारी व्यक्ती मागणीपासून भरकटलेली नाही. ज्या गोष्टीसाठी एके काळी कैद होती, नेमकी तीच गोष्ट ती पोलिसांच्या देखत करते आहे. फलकावर काही लिहिलेलं नसलं तरी ते आंदोलनच आहे. न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल इन या बारमध्ये 28 जून 1969 च्या पहाटे पोलिसांची धाड पडली, तेव्हाही लोक एका ठिकाणी एकत्र येऊन नाचत-पीत होते एवढंच. ते हटले नाहीत. वर्षभरानं त्याच तारखेला तिथून मोर्चा निघाला आणि पुढे जगभर निघत राहिला.

परवानगी

मोर्चा निघतो तो आधी कागदावर. आयोजकांना पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा लागतो. मार्ग, वेळ, अंदाजे संख्या, ध्वनिक्षेपकाची परवानगी, जबाबदार व्यक्तींची नावं आणि सह्या. ज्यांनी घरी स्वतःबद्दल काही सांगितलेलं नाही अशांच्या मोर्च्यासाठी कुणीतरी आपलं खरं नाव आणि पत्ता पोलिसांच्या फायलीत लिहून द्यायचा. पहिल्या वर्षांत कलम 377 जिवंत असताना अशी सही करणाऱ्यांचं धैर्य मला रस्त्यावर चालणाऱ्यांपेक्षा तसूभरही कमी वाटत नाही.

मुंबईत आणखी एक पेच आहे. 1997 च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दक्षिण मुंबईत निदर्शनं आझाद मैदानाच्या चौकटीतच होतात. वनपट्ट्यांसाठी नंदुरबार-नाशिकहून शेकडो किलोमीटर चालत आलेला शेतकरीही तिथंच बसतो. प्राइडला बरीच वर्षं रस्ता मिळत राहिला. त्यामागे बहुधा त्याचं रंगीबेरंगी, सणासारखं रूप असावं. पण 2020 मध्ये हिशेब बदलला. नागरिकत्व कायद्याविरोधात देशभर निदर्शनं चालू होती. ऑगस्ट क्रांती मैदानातून निघायची परवानगी पोलिसांनी नाकारली आणि 1 फेब्रुवारीला आझाद मैदानात नुसता जमाव भरला. तिथल्या काही घोषणांवरून देशद्रोहाचं कलम लावून 51 जणांवर गुन्हा दाखल झाला. आयोजकांनी त्या घोषणांशी आपला संबंध नसल्याचं जाहीर केलं.

आयोजकांवरचं दडपण मला समजतं. त्यांच्या भरवशावर कितीतरी अशी माणसं आलेली असतात की ज्यांचं नाव पोलीस ठाण्यात गेलं तर घर सुटेल, नोकरी जाईल. पण त्या वर्षीच्या घडामोडींतून एक गोष्ट उघडी पडली. सण म्हणून मिळालेली परवानगी सण असेपर्यंतच टिकते. ज्या दिवशी मोर्चा दुसऱ्या कुणाच्या दुःखाबद्दल बोलतो, त्या दिवशी तो पुन्हा पोलिसांच्या लेखी जमाव होतो. मधल्या कोविडच्या खंडानंतर, चार वर्षांनी, 3 फेब्रुवारी 2024 ला मोर्चा पुन्हा ऑगस्ट क्रांती मैदानात परतला.

आईचं लुगडं

2024 च्या त्या मोर्च्यात चिंचपाड्याच्या परिसरातली एक जण होती. तिचं नाव, गाव, पाडा काहीच लिहायचं नाही असं ठरवून आम्ही बोललो. सुरतेत साड्यांना खडे आणि टिकल्या लावण्याच्या कामावर ती आहे. तिथं ती बाई म्हणून राहते. गावी येताना केस बांधून टोपीत कोंबते, शर्ट-पँट घालते आणि जन्मनावाला ओ देते.

चिंचपाड्याचं स्टेशन सुरत-भुसावळ मार्गावर आहे. इथून सुरतेकडे निघालं की नवापूर लागतं. त्या स्टेशनाच्या फलाटावर एका टोकाला महाराष्ट्र आणि दुसऱ्या टोकाला गुजरात. तिथं लोक हौसेनं फोटो काढतात. ती म्हणाली, “ताई, माझी हद्द नवापूरला नाही. माझी हद्द गाडीच्या संडासात. तिथं कपडे बदलते मी.” सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती, माहिती होती.

मुंबईच्या मोर्च्याला ती सुरतेच्या दोघींबरोबर गेली. ग्रँट रोडला उतरून चालत मैदानात. पिशवीत आईचं लुगडं होतं. घरून मागून आणलेलं नव्हे, पेटीतून काढून आणलेलं. ते ती मावची जमातीच्या बायका नेसतात तसंच नेसली आणि तोंडावर रंगीत मुखवटा चढवला. मुखवट्यांची ही चाल मोर्च्यात पहिल्यापासून आहे. वर्तमानपत्रात, मोबाइलवर फोटो गेला तरी ओळख पटू नये म्हणून. मुखवट्याआडच्या माणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही, एवढी समज तिथं सगळ्यांनीच पाळायची असते. ती पूर्ण वेळ नाचली. आसपासच्या शहरी मुलांना तिचं नेसणं नवं होतं. कुणीतरी विचारलं, हा कुठला पेहराव? तिनं सांगितलं, आमचा.

मी विचारलं, 9 ऑगस्टच्या मिरवणुकीत नाचतेस का?

“नाचते ना. पोरांच्या रांगेत.”

तिथं चेहरा उघडा आणि लुगडं नाही. मुंबईत लुगडं आणि चेहरा झाकलेला. आदिवासी म्हणून ती गावात ताठ मानेनं चालू शकते आणि बाई म्हणून मुंबईत. दोन्ही एकदम होऊन चालता येईल असा रस्ता तिला अजून सापडलेला नाही. मुंबईला जायला तिची दोन दिवसांची मजुरी बुडाली होती. पुढच्या वेळी जाशील का, म्हटल्यावर तिनं आधी सुट्टीचा हिशेब केला.

गुजरातमधला पहिला प्राइड मोर्चा 2013 मध्ये सुरतेतच निघाला होता. तेव्हा ती गावच्या शाळेत होती आणि त्यातलं काहीच तिच्या कानावर आलं नव्हतं.

कुणी पुढे चालायचं

पुण्यात बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टनं 2011 च्या डिसेंबरात पहिला मोर्चा काढला. नागपूरला 2016 मध्ये निघाला. या शहरांत आयोजकांसमोर वेगळीच अडचण होती. रस्त्याच्या कडेला उभे असलेले लोक ओळखीचे, नात्यातले असू शकतात. त्यांना बिचकवायचं की जिंकायचं? 2017 मध्ये पुण्याच्या आयोजकांनी सहभागी होणाऱ्यांना ‘शालीन’ कपड्यांत यायला सांगितलं आणि समुदायातच वाद पेटला. मध्यमवर्गीय पालकांनी खिडकीतून पाहून म्हणावं की ही तर आपल्यासारखीच मुलं आहेत, असा त्यामागचा विचार. तो खोटा नव्हता. पण त्याची किंमत नेहमी त्याच माणसांनी मोजायची असते ज्यांना ‘आपल्यासारखं’ दिसताच येत नाही. ज्यांच्यावर पहिली काठी पडली आणि ज्यांच्या टाळीमुळे रस्ता मोकळा झाला, त्यांनाच मागे उभं राहायला सांगायचं, हे मला मान्य नाही.

हे मोर्चे कुठून उभे राहिले हेही पाहावं लागतं. 11 ऑगस्ट 1992 ला दिल्लीत पोलीस मुख्यालयासमोर एड्स भेदभाव विरोधी आंदोलनानं निदर्शनं केली, कारण पोलीस बागांमधून समलिंगी पुरुषांना उचलत होते. मुंबईत अशोक राव कवी यांनी 1990 मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ काढलं, 1994 मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. लेस्बियन स्त्रियांचा गट ‘स्त्री संगम’ 1995 चा, जो पुढे ‘लाबिया’ झाला. एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामातून अनेक शहरांत कार्यालयं मिळाली, पगारी कार्यकर्ते मिळाले, रात्री पोलीस ठाण्यात धावून जाणारी माणसं तयार झाली. मोर्च्याच्या दिवशी रस्त्याच्या कडेला साखळी धरून उभे असतात ते बरेचदा हेच. वर्षभर ते कुणाला जामीन मिळवून देत असतात, कुणाला दवाखान्यात नेत असतात. नाझ फाउंडेशनची कलम 377 विरुद्धची याचिकाही या कामातूनच आली. 2 जुलै 2009 ला दिल्ली उच्च न्यायालयानं कलमाचे दात काढले, 11 डिसेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं ते परत बसवले आणि 6 सप्टेंबर 2018 ला अखेर उपटले.

त्यानंतर कंपन्या आल्या. इंद्रधनुषी बोधचिन्हं, टी-शर्ट, फुगे. मोर्च्याला पैसा लागतो. मंच, ध्वनिक्षेपक, पाणी, रुग्णवाहिका फुकट येत नाही. पण ज्या कंपनीचा फलक पुढे असतो तिच्या गोदामात, तिच्या कंत्राटदाराकडे एखाद्या तृतीयपंथी व्यक्तीला काम मिळतं का, हे विचारण्याची जागा मोर्चाच आहे. ते विचारलं नाही तर मोर्चा जाहिरात होतो. सुरतेच्या कारखान्यात टिकल्या लावणारीला फुग्यांचा उपयोग नाही.

लग्नाच्या हक्कावर 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं नकार दिला, तेव्हा शहरी समुदाय हादरला. ते दुःख खरं होतं. पण दलित-बहुजन तृतीयपंथी कार्यकर्ते त्याच्या कितीतरी आधीपासून दुसरा फलक घेऊन चालत होते. तमिळनाडूच्या ग्रेस बानू या त्यांतलं ठळक नाव. फलकावर लिहिलेलं असतं: समांतर आरक्षण. हा शब्द कोरडा वाटतो म्हणून अनेक जण त्यावरून नजर पुढे नेतात. चिंचपाड्याहून पाहिलं तर सगळ्या मोर्च्यात सर्वांत महत्त्वाचा फलक तोच आहे.

दोन कागद

15 एप्रिल 2014 च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांना सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास समजून आरक्षण द्यावं असं सांगितलं. ऐकायला चांगलं आहे. पण मागासवर्ग म्हणून एका उभ्या रकान्यात टाकलं की अनुसूचित जमातीच्या तृतीयपंथी व्यक्तीनं काय करायचं? आदिवासी म्हणून अर्ज करायचा की तृतीयपंथी म्हणून? एक निवडलं की दुसरं सुटतं. समांतर आरक्षणाची मागणी एवढीच आहे की महिला, अपंग, माजी सैनिक यांना जसं प्रत्येक प्रवर्गाच्या आत स्थान मिळतं तसं यांनाही मिळावं. जमातीच्या जागांमध्ये जमातीच्या तृतीयपंथीयांसाठी, सर्वसाधारण जागांमध्ये सर्वसाधारणांसाठी. कर्नाटकानं 2021 मध्ये सरकारी नोकऱ्यांत असं एक टक्का आरक्षण दिलं. महाराष्ट्रात पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा पर्याय मिळावा यासाठीसुद्धा 2022 मध्ये आर्या पुजारी यांना मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जावं लागलं. सरकार वर उच्च न्यायालयात गेलं आणि तिथं भरती थांबवण्याची तंबी मिळाल्यावर डिसेंबरात ताळ्यावर आलं.

खानदेशानं स्वतःची लढाई लढलेली आहे. जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकच्या तृतीयपंथी अंजली यांनी 2020 च्या अखेरीस ग्रामपंचायतीसाठी महिला राखीव जागेवर अर्ज भरला. निवडणूक अधिकाऱ्यानं तो फेटाळला. औरंगाबाद खंडपीठानं नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवसांत तो ग्राह्य धरायला लावला. जानेवारी 2021 मध्ये निकाल लागला आणि त्या निवडून आल्या. तिथं इंद्रधनुषी झेंडा नव्हता. वकील होता, आणि मत देणारं गाव होतं. पुढे 2024 मध्ये वंचित बहुजन आघाडीनं तृतीयपंथी शमिभा पाटील यांना रावेर विधानसभेची उमेदवारी जाहीर केली. खेड्यातलं माणूस स्वीकारणार नाही हे शहरात बसून फार सहज म्हटलं जातं. भादलीच्या मतदारांनी त्याचं उत्तर दिलेलं आहे.

सुरतेत टिकल्या लावणाऱ्या तिला मी विचारलं, तुला काय हवंय? तिनं मोबाइलमधला फोटो दाखवला. मुंबईत तिनं एकच फोटो काढला होता, समांतर आरक्षणाच्या त्या फलकाचा. अर्थ तिला सोबतच्या एकीनं गाडीत सांगितला होता. तिनं बारावी केली आहे. वनरक्षकाची परीक्षा द्यायची आहे.

मग आम्ही कागदांना लागलो. तृतीयपंथी व्यक्तींसाठीचा 2019 चा कायदा आणि 2020 चे नियम यांप्रमाणे ओळखपत्र जिल्हाधिकारी देतात. अर्ज ऑनलाइन, शुल्क नाही. पण ज्या जिल्ह्यात सलग बारा महिने राहिलात तिथल्याच जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. ती राहते सुरतेत. म्हणजे ओळखपत्र गुजरातचं. जमातीचा दाखला मात्र नंदुरबार जिल्ह्यातला, जन्मनावाचा, आणि जमातीच्या सवलती मूळ राज्यातच मिळतात. राज्य ओलांडून मजुरीला गेलेल्याला त्या तिकडे लागू होत नाहीत. दोन कागद, दोन नावं, दोन राज्यं. परीक्षेच्या अर्जात तिसऱ्या पर्यायावर खूण केली तर दाखल्यावरचा ‘कुमार’ आडवा येणार. केली नाही तर शारीरिक चाचणीला पुरुषांच्या रांगेत उभं राहावं लागणार. वर जात पडताळणी, तिथं बापाचे, आजोबाचे कागद लागतात आणि ते घरात आहेत, घरच्यांच्या हातात.

गावात बारा महिने राहून नंदुरबारला अर्ज करायचा, तर मजुरी सोडावी लागेल आणि बारा महिने टोपी घालावी लागेल. सुरतेत अर्ज केला तर दाखल्यावरचं नाव बदलून घेण्यासाठी राजपत्र, शाळेचा दाखला, प्रांत कार्यालय असे हेलपाटे आले. तिनं वहीच्या पानावर दोन्ही वाटांचा खर्च मांडला. गाडीभाडं, बुडालेले खाडे, झेरॉक्स, शपथपत्राचे पैसे. सुरतेची वाट महाग निघाली, तरी तीच धरायची असं तिनं ठरवलं. वयाची अट ओलांडायला किती वर्षं उरली आहेत तेही तिनं शेजारी लिहिलं. मग मला विचारलं, राजपत्रात नाव छापून यायला किती दिवस लागतात?